नस का फुटली?

आमच्या घरी येणारा माणूस दारातच फिल्मची पिशवी पुढं करतो. पाणी नंतर, चहा नंतर. दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरातलं हे सरकारी क्वार्टर सूनबाईच्या नावावर आहे. इथून एम्स चालत वीस-पंचवीस मिनिटं, आणि एम्ससमोरचा रस्ता ओलांडला की सफदरजंग रुग्णालय. त्यामुळे सांगली-साताऱ्याहून गोवा एक्स्प्रेसनं निजामुद्दीनला उतरलेली, नांदेडहून सचखंडनं आलेली माणसं कुणाच्या तरी ओळखीनं माझा नंबर शोधून काढतात. झाशीच्या राणीचं नाव असलेल्या वस्तीत मराठी बोलणारं घर सापडलं की त्यांचा जीव भांड्यात पडतो. मी डॉक्टर नाही. सीटी स्कॅनच्या खोलीत सव्वीस वर्षं तंत्रज्ञ म्हणून काम केलं आणि निवृत्त झाले. पेशंटचं डोकं नीट ठेवायचं, पट्टा बांधायचा, ‘हलू नका’ म्हणायचं आणि काचेअलीकडे बसून पडद्यावर मेंदूचा एकेक काप उमटताना पाहायचा, हे माझं काम.

गेल्या पावसाळ्यात हिंगोलीकडून एक सासू, तिचा मुलगा आणि चोवीस वर्षांची सून अशी तिघं आली. सुनेला दिवाणावर झोपवलं. दुसऱ्या दिवशी तिला इथल्या डॉक्टरांना दाखवायचं होतं. “डोक्याची नस फुटली म्हणले,” सासूबाई म्हणाल्या. मी फिल्म बाल्कनीतल्या उजेडात धरली. दोन ठिकाणी रक्त होतं. एक जुनं, करडं होत चाललेलं. दुसरं ताजं, पांढरंशुभ्र. चोवीस वर्षांच्या मुलीच्या मेंदूत दोन जागी रक्तस्राव होतो, तीन आठवड्यांत तीन दवाखाने होतात, कागदांची जाड चळत जमते, आणि त्या चळतीत ‘का’ याचं उत्तर एका ओळीतही नसतं.

“नस का फुटली, ते कुणी सांगितलं का?” मी विचारलं. सासूबाईंनी मुलाकडं पाहिलं, मुलानं खाली फरशीकडं. मग मी इकडचं तिकडचं विचारत बसले. खोकला आहे का? आहे, पण त्याचं औषध वेगळ्या डॉक्टरचं. पाळी? कधी येते, कधी नाही. मूलबाळ?

“राहिलं होतं, पण पडलं. पाच महिन्याखाली पिशवी साफ केली की तिची.”

“हे कुठल्या डॉक्टरला सांगितलंत?”

“डोक्याच्या डॉक्टरला पोटाचं काय सांगायचं, बाई?”

तिचं पुढं काय झालं ते सांगेनच. आधी या ‘नस फुटली’विषयी बोलायचं आहे, कारण हे दोन शब्द ऐकले की आपण सगळे विचारायचं थांबतो. गावात विहीर ढासळली तर कुणी गप्प बसत नाही. पावसानं ढासळली, की खालची वाळू गेली, की बांधकामच कच्चं होतं, पारावर आठ दिवस तोच विषय. माणसाच्या मेंदूत रक्त सांडलं की मात्र ‘ब्रेन हॅमरेज झालं’ एवढ्यावर सगळ्यांचं समाधान होतं. हॅमरेज ही घडलेली गोष्ट आहे. ती का घडली, हा प्रश्न तिथून पुढं सुरू होतो.

बहुतेक वेळा उत्तर रक्तदाबाचंच असतं, हे खरं. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं राहिलं की मेंदूच्या खोल भागातल्या बारीक वाहिन्या झिजतात आणि एक दिवस फुटतात. कुणाच्या वाहिनीला फुगा आलेला असतो, कुणाच्या डोक्यात वाहिन्यांचा जन्मजात गुंता असतो, कुणी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवर असतं. आणि थोड्या पेशंटच्या बाबतीत त्या रक्तामागं ट्युमर दडलेला असतो. वेगानं वाढणाऱ्या गाठीला रक्त लागतं. ते मिळवायला ती स्वतःच्या नव्या वाहिन्या फुटवते. त्या घाईत झालेल्या असतात, वेड्यावाकड्या, पातळ भिंतींच्या, पाझरणाऱ्या. त्यातली एखादी फुटते. ग्लायोब्लास्टोमासारखी मेंदूतच उगवलेली गाठ अशी फुटू शकते. शरीरात दुसरीकडून मेंदूत आलेल्या कर्करोगांत त्वचेचा मेलानोमा, किडनीचा, थायरॉइडचा आणि गर्भवारेच्या पेशींपासून होणारा कोरिओकार्सिनोमा हे रक्तस्रावासाठी कुप्रसिद्ध आहेत. फुप्फुसाचा कर्करोग त्या मानानं कमी फुटतो, पण त्याचे पेशंटच इतके की खोलीत तोही वरचेवर दिसायचा.

अशा पेशंटला रक्तस्राव हाच गाठीचा पहिला निरोप असतो. आणि तेच रक्त गाठीला झाकूनही ठेवतं. सीटीवर ताजं रक्त इतकं पांढरं चमकतं की त्याच्या पोटात काय आहे ते दिसत नाही. एमआरआय केला तरी पहिल्या काही आठवड्यांत रक्ताचीच चमक वाटेत येते. म्हणून रक्त विरघळायला वेळ द्यायचा आणि साधारण सहा ते बारा आठवड्यांनी कॉन्ट्रास्ट देऊन पुन्हा एमआरआय करायचा, ही जगभरची रीत आहे. आपल्याकडंही डॉक्टरांना ती ठाऊक असते. कागदावर मात्र ती क्वचितच उतरते.

माझ्या थोरल्या भावाच्या कागदावर ती नव्हती.

दादा तासगाव भागातला द्राक्ष बागायतदार. वय अठ्ठावन्न. ते सप्टेंबरपासून सकाळी उठले की डोकं दुखतंय म्हणायचे, कधी उलटी व्हायची आणि मग बरं वाटायचं. घरात सगळ्यांनी पित्तावर टाकलं. ऑक्टोबर छाटणी चालू असताना एका सकाळी त्यांच्या उजव्या हातातली कात्री खाली पडली. त्यांनी उचलली, ती पुन्हा पडली. तिसऱ्यांदा त्यांना ती उचलताच येईना. गड्यानं जीपमध्ये घालून दवाखान्यात नेलं. सीटी झाला, रक्त दिसलं, बीपी १७० भरलं. नऊ दिवसांनी बीपीच्या गोळ्या देऊन घरी सोडलं. डिस्चार्ज कार्डावर ‘हायपरटेन्सिव्ह ब्लीड’ आणि पुन्हा दाखवण्याच्या रकान्यात ‘गरज वाटल्यास’.

पुतण्यानं फिल्मचे फोटो मला व्हॉट्सॲपवर पाठवले होते. मी ते मोठे करून पाहिले. बीपीचं रक्त बहुधा मेंदूच्या पोटात, खोल जागी सापडतं. दादांचं वरच्या बाजूला, पृष्ठभागाजवळ होतं. रक्ताभोवती सुजेचा काळा पट्टा असतो, तो दिवसागणिक रुंदावतो. दादांच्या पहिल्याच दिवसाच्या फिल्ममध्ये तो हातभर रुंद वाटावा असा पसरला होता. गावात झालेल्या आरोग्य शिबिरात दादांचं बीपी दोनदा तपासलं होतं आणि दोन्ही वेळा ठीक होतं. आणि मेंदूत रक्त सांडलं की बीपी आपोआप चढतं, हे माझ्या खोलीत येणाऱ्या प्रत्येक स्ट्रेचरवर मी पाहिलेलं होतं. दवाखान्यात पोचल्यावर भरलेलं १७० कारण होतं की परिणाम, हे त्या एका आकड्यावरून कुणालाच सांगता येणार नव्हतं.

एवढं दिसत असून मी बोलले नाही. मी तंत्रज्ञ, रिपोर्ट लिहिणं माझं काम नव्हे. तिथं मोठे डॉक्टर आहेत, त्यांनी पाहिलं असेल. दिल्लीत बसून मी शंका काढली तर वहिनी घाबरून जाईल. फोनवर दादा म्हणाले, “बरं वाटतंय गं मला, मुठीत जोरही यायला लागलाय,” आणि मी ‘गोळ्या चुकवू नका’ एवढंच म्हणाले. सव्वीस वर्षं ज्या कामावर माझं घर चाललं, ते काम माझ्या भावाच्या वेळी मी माझ्यापाशी ठेवून दिलं. हे मी इथं लिहिते आहे, कारण सीटीच्या, एक्स-रेच्या खोल्यांत बसलेल्या माझ्यासारख्या शेकडो जणींना आणि जणांना हे रोज दिसतं आणि तेही असेच गप्प राहतात.

फेब्रुवारीत दादांना फिट आली. त्यांना गोवा एक्स्प्रेसनं इकडं आणलं. कॉन्ट्रास्टचा एमआरआय झाला. जुन्या रक्ताच्या जागी, त्याच्याच पोटात, कडा पेटल्यासारखी उजळ गाठ होती. ग्लायोब्लास्टोमा. ऑपरेशन झालं, रेडिएशन झालं. पुढच्या पाडव्याच्या आधी ते गेले.

अमेरिकेचे सिनेटर जॉन मकेन यांची गोष्ट मी इथं येणाऱ्यांना पुष्कळदा सांगते. १४ जुलै २०१७ रोजी त्यांच्या डाव्या डोळ्याच्या वरच्या भागातली रक्ताची गुठळी ॲरिझोनातल्या मेयो क्लिनिकमध्ये काढली. बातमी आली ती ‘गुठळी काढली’ अशीच. पण काढलेला नमुना तिथल्या लोकांनी सूक्ष्मदर्शकाखाली तपासायला पाठवला, आणि पाचव्या दिवशी जाहीर झालं की रक्ताशी जोडलेला ग्लायोब्लास्टोमा आहे. उत्तर पाच दिवसांत मिळालं. त्यासाठी कुठलं नवं यंत्र लागलं नाही. फॉर्मलिनची बाटली आणि पॅथॉलॉजीकडं जाणारी एक चिठ्ठी लागली. रक्त काढण्यासाठी कवटी उघडलीच असेल, आणि ते का सांडलं याचा खुलासा झालेला नसेल, तर गुठळीचा आणि तिच्या भिंतीचा तुकडा तपासायला जायलाच हवा. ती गुठळी घमेल्यात टाकून देणं मला मान्य नाही.

मकेनही वाचले नाहीत. २५ ऑगस्ट २०१८ रोजी ते वारले. मग लवकर कळून काय उपयोग, असं मला एका ओळखीच्या डॉक्टरांनी अगदी मनापासून विचारलं. प्रश्न रास्त आहे. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ज्या चाचणीमुळे ग्लायोब्लास्टोमाचे आजचे उपचार ठरले, तीत रेडिएशनसोबत टेमोझोलोमाइड घेणाऱ्यांचं आयुष्य मध्यकानं (मिडियन) १४.६ महिने भरलं, नुसत्या रेडिएशनवर १२.१ महिने. दादांना चार महिने आधी कळलं असतं तर ते आज असते, असं मी म्हणत नाही.

पण त्या चार महिन्यांत दादांनी काय केलं ते सांगते. आपण बरे झालो या भरवशावर त्यांनी डिसेंबरात दीड एकरावर नवीन बाग धरायचं ठरवलं. अँगल, तारा, ठिबक, सगळं कर्जानं. मांडव उभा राहिला आणि मालक आडवा झाला. धाकट्या मुलीचं लग्न ‘पुढच्या वर्षी थाटात करू’ म्हणून पुढं ढकललं. किती दिवस हाताशी आहेत हे माणसाला कळलं, तर ते कुठं खर्च करायचे हे तो ठरवू शकतो. दादा हिशेबी माणूस. त्यांना हा हिशेब मांडायची संधीच मिळाली नाही, आणि त्यांच्या मृत्यूइतकंच मला तेही सलतं.

आणि प्रत्येक गाठ ग्लायोब्लास्टोमा नसते. नाकाच्या मुळामागं, मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युइटरी ग्रंथी असते. तिथल्या साध्या, कर्करोग नसलेल्या गाठीतही रक्तस्राव होतो. १८९८ साली बेली नावाच्या डॉक्टरांनी असा पेशंट नोंदवलेला आहे. अचानक डोकं फुटेल असं दुखतं, नजर कमी होते, एक पापणी खाली पडते किंवा एकाचे दोन दिसू लागतात. अशा वेळी पुष्कळदा ग्रंथीचं काम बंद पडून शरीरातलं कॉर्टिसॉल संपतं आणि तेच जिवावर बेतू शकतं. स्टेरॉइडचं इंजेक्शन वेळेवर मिळालं तर माणूस वाचतो, गाठ लवकर काढली तर पुष्कळदा नजरही. मायग्रेन समजून अंधाऱ्या खोलीत पडून राहिलं तर दोन्ही जाऊ शकतं.

हिंगोलीच्या मुलीकडं येते. गर्भ पडल्यानंतर, विशेषतः द्राक्षगर्भ असेल तर, वारेच्या पेशी कधी कधी शरीरात मागं राहतात आणि कर्करोग होऊन फुप्फुसात, मेंदूत पसरतात. मेंदूत त्या पुष्कळदा रक्त सांडतात. हा कर्करोग ओळखायला कवटी उघडावी लागत नाही. गर्भ राहिला की जे संप्रेरक रक्तात वाढतं, बीटा एचसीजी, तेच इथंही वाढलेलं सापडतं. गल्लीतल्या लॅबमध्येही होणारी ती रक्ताची तपासणी आहे. आणि हा कर्करोग औषधानं बरा होतो. १९५६ साली अमेरिकेत मिन चिउ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी मेथोट्रेक्सेट वापरून ते दाखवलं. मेंदूपर्यंत पोचल्यावरसुद्धा अनेक जणी यातून बऱ्या होतात, वेळेवर ओळखला तर.

त्या रात्री मी कागदाच्या एका कोऱ्या पानावर तीन ओळी लिहून दिल्या. पाच महिन्यांपूर्वी गर्भपात व पिशवी साफ केली. तेव्हाचा तपासणी अहवाल घेतलेला नाही. सहा आठवड्यांपासून खोकला. “हे डॉक्टरांच्या हातात द्या, आणि ते काही विचारायच्या आधी द्या,” म्हटलं. डॉक्टरांनी वाचलं आणि त्याच दुपारी रक्त घेतलं. चार दिवसांनी सासूबाईंचा फोन आला. आकडा लाखाच्या पुढं होता, छातीच्या फोटोत गोल डाग होते आणि औषध सुरू होणार होतं. डोक्याची नस, छातीचा खोकला आणि पिशवी, तीन दवाखान्यांच्या तीन फायलींत पडलेला एकच आजार होता तो.

प्रत्येक हॅमरेजच्या पेशंटमागं ट्युमर शोधत बसा, असं माझं म्हणणं नाही. बहुतेकांना तो नसतो. एमआरआयच्या रांगा मी आयुष्यभर खिडकीतून पाहिल्या आहेत, एकेका तारखेसाठी माणसं कशी ताटकळतात ते मला माहीत आहे. पहिल्या रात्री जीव वाचवायचा असतो, तेव्हा कारणाची चर्चा करायला कुणाला सवड नसते, हेही मान्य. पण घरी सोडण्याच्या दिवशी सवड असते. ज्याचं बीपी पूर्वी कधीच वाढलेलं नव्हतं, जो तरुण आहे, ज्याचं रक्त नेहमीच्या खोल जागी नाही, सूज पहिल्या दिवशीच फार आहे, रक्त एकापेक्षा जास्त ठिकाणी आहे, किंवा ज्याला पूर्वी कुठलाही कर्करोग होऊन गेला आहे, त्याच्या कार्डावर ‘कारण अजून निश्चित नाही’ असं स्वच्छ मराठीत लिहिलं पाहिजे. त्याच्याखाली कॉन्ट्रास्ट एमआरआयची तारीख. ‘गरज वाटल्यास’ नव्हे, तारीख. मूल होण्याच्या वयातल्या बाईला असा रक्तस्राव झाला आणि उघड कारण दिसेना, तर बीटा एचसीजी त्याच दिवशी. महात्मा फुले जनआरोग्य योजना असो की आयुष्मान भारत, मेंदूच्या रक्तस्रावाच्या पॅकेजमध्ये या दुसऱ्या एमआरआयचा खर्च नाव घेऊन लिहिलेला असावा, म्हणजे तो पेशंटच्या ऐपतीवर राहणार नाही. हे शासनानं करायचं आहे आणि त्याला नवीन इमारत लागत नाही.

नातेवाइकांनाही माझी हात जोडून विनंती आहे. सीटीची पहिली फिल्म किंवा सीडी जिवापाड जपा. पहिल्या दिवशीची सूज त्यातच दिसते, ती नंतर कुठून आणणार? पूर्वीचे बीपीचे आकडे कुठं लिहिलेले असतील तर शोधून न्या. आणि पोटाचं, छातीचं, पाळीचं, वर्षापूर्वी काढलेल्या चामखिळीचं, जे जे झालं असेल ते डोक्याच्या डॉक्टरला सांगा. त्यांना वेळ नसेल तर माझ्यासारखं तीन ओळींत लिहून द्या. सकाळी डोकं दुखलं म्हणून ट्युमर झाला असं कुणी समजू नये. पण हातातून वस्तू पडायला लागल्या, तर ते पित्त नाही.

सासूबाई अधूनमधून फोन करतात. सुनेचा आकडा उतरत उतरत नॉर्मलला आला आहे आणि आता ठरलेल्या दिवशी रक्त द्यावं लागतं. त्या तारखा त्यांनी भिंतीवरच्या कालनिर्णयवर लाल पेननं गोल करून ठेवल्या आहेत. एकही चुकलेली नाही.

तासगावच्या घरी वहिनीनं दादांची त्या दोन वर्षांची कालनिर्णयं ठेवून दिलीयत. मागच्या दिवाळीत मी ती खाली काढली. दादा तारखेचे पक्के होते. कुठल्या दिवशी डाऊनीची फवारणी, कुठल्या दिवशी भुरीची, जीए कधी, पाणी कधी तोडलं, सगळं त्यांच्या अक्षरात. ऑक्टोबरनंतरचं अक्षर वाकडं आहे, डाव्या हातानं लिहिलेलं, पण नोंद एकाही दिवसाची सुटलेली नाही. पुढच्या वर्षाच्या जानेवारीच्या पानावर दहा तारखेला ‘बँक हप्ता’ आहे, संक्रांतीला मुलीचं नाव आहे. रक्तस्रावाला बारा आठवडे पूर्ण झाले तो दिवस मी मोजून काढला. त्या चौकोनात फक्त ‘फवारणी, वरचा प्लॉट’ असं लिहिलं आहे.